माणखारचा बाहेरकाठा

"बाय, ती तुजी तीन पायांची घोडी जरा बाजूला घे," हिरूदादा म्हणाले. "आन् चप्पल काढ. हितं उभी राहा."

मी लेव्हलचं यंत्र तिपाईसकट उचलून पलीकडे ठेवलं, चपला काढल्या आणि ते दाखवत होते त्या जागी अनवाणी उभी राहिले. बाहेरकाठ्याची, म्हणजे खाडीकडच्या मुख्य बांधाची, माती गार आणि चिकट होती. डाव्या हाताला खाडीचं पाणी बांधाच्या गळ्यापर्यंत आलं होतं. उजव्या हाताला, त्या पाण्यापेक्षा चांगलं पुरुषभर खाली, आठ दिवसांपूर्वी लावलेलं भात वाऱ्यावर डुलत होतं. त्याच्या पलीकडे माणखारची कौलारू घरं.

"काय कलतंय?"

"नाही, दादा."

"थांब जरा. पायाला कलंल."

मग कळलं. तळव्याखाली बांध अगदी बारीक थरथरत होता. भरलेल्या हंड्याला बाहेरून हात लावावा आणि आत पाणी हिंदकळताना जाणवावं, तसं.

"खेकड्यांनी, चिंबोऱ्यांनी आतून पोकल केलंय. पानी शिरलं." त्यांनी खांद्याला दोरीनं अडकवलेला पत्र्याचा डबा पुढे घेतला, कमरेचा दांडका काढला आणि बडवायला सुरुवात केली. सत्तरीच्या त्या किडकिडीत माणसाच्या अंगातून एवढा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. "खांड! खांड जातेय! या रं!"

मी सवयीनं घड्याळात पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. आषाढातली अमावस्या होती, उधाणाची भरती, आणि पाणी अजून पाऊण तास चढतच राहणार होतं.

पाचव्या मिनिटाला शेतांमधल्या बांधावरून माणसं पळत येताना दिसली. बाप्ये, बाया, म्हातारे. कुणाच्या डोक्यावर घमेलं, कुणाच्या खांद्यावर बांबूच्या मेखा, कुणाच्या काखेत पेंढ्याच्या गुंड्या. एकाच्या अर्ध्या गालाला दाढीचा साबण तसाच होता. एका बाईचे हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठानं पांढरे होते. भाकरी तव्यावर टाकून ती आली होती की तव्यासकट उतरवून, कोण जाणे. कुणी कुणाला काही विचारलं नाही. तेवढ्यात आम्ही उभे होतो तिथून चार हातांवर बांधाचा एक तुकडा गप्पकन खाली बसला आणि तपकिरी पाणी आत घुसलं. आधी मांडीएवढं जाड, मग दाराएवढं रुंद.

सात-आठ जण त्या दारात उतरले. खाडीकडे पाठ करून, हातात हात अडकवून, छातीभर पाण्यात उभे राहिले. पाण्याचा जोर त्यांनी पाठीवर घेतला आणि त्यांच्या पुढ्यात बाकीच्यांनी मेखा ठोकल्या, पेंढा दाबला, चिखलाची घमेली ओतली. मीही यंत्र सोडून रांगेत उभी राहिले. कुणीतरी माझ्या हातात घमेलं दिलं, मी पुढे दिलं. तासाभराने पाणी ओसरू लागलं तेव्हा खांड, बांधाला पडलेलं ते भगदाड, भरली होती आणि माझ्या बोटांच्या पेरांतून रक्त येत होतं.

मोजायची सवय होती म्हणून मी माणसं मोजली होती. एकाहत्तर. गावात घरं त्रेसष्ट.

"घरटी एक मानूस," हिरूदादा म्हणाले. ते बांधावर बसून पायाचा चिखल काडीनं खरवडत होते. "यालाच जोल म्हनतात. डबा वाजला की याचं. ज्याच्या घरातून कोन आयला नाय, त्याच्या घरचं पानी गाव पीत नाय."

"असं कधी झालंय?"

"माज्या आठवनीत नाय." मग माझ्या यंत्राकडे बघून ते हसले. पुढचे दोन दात नव्हते. "आता तुमी लोक आयलात. बाहेरकाठा उंच करनार, दगड लावनार. आमच्या नातवंडांना हे चिखलातलं काम नको. होय ना?"

"सर्वेक्षण चालू आहे, दादा," मी म्हणाले.

हे वाक्य माझं नव्हतं. ते मला शिकवून पाठवलं होतं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागून एक वर्ष झालं होतं. मी परभणीकडची, डोईफोड्यांची. नोकरी लागेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. त्या वर्षी राज्यानं हवामानबदलाचा आराखडा करायला घेतला होता. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत पाणी किती चढेल, कुठले रस्ते, पूल, बांध टिकतील, कुठले टिकणार नाहीत, काय मजबूत करायचं, याचा हिशेब जिल्ह्याजिल्ह्यात चालू होता. खाडीकाठच्या बांधांचं काम आमच्या कार्यालयाकडे आलं आणि कार्यालयाचे प्रमुख असलेल्या नाईकनवरे साहेबांनी ते माझ्याकडे दिलं. दर उधाणाला तीन दिवस गावात राहायचं, बांधाची उंची मोजायची, भरतीची पातळी नोंदवायची.

"गावात काही बोलू नका," निघताना ते म्हणाले होते. "लोक आशा तरी लावून बसतात, नाहीतर भीती तरी घेऊन बसतात. विचारलं तर सर्वेक्षण चालू आहे म्हणायचं. बस."

साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला इथेच सांगून टाकायला हवं. कार्यालयात रात्रंदिवस त्या आराखड्यावर खपणारा तेवढा एकच माणूस होता.

माणखारला जायला गाडीरस्ता नव्हता. खाडी होडीनं ओलांडायची आणि मग बांधावरून पाऊण तास चालायचं. राहायची सोय हिरूदादांच्या पडवीत. हिरूदादा मोकल म्हणजे या बांधाचे राखणदार. कुणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता. त्यांचा बाप करायचा म्हणून ते करत. घरात ते, त्यांचा मुलगा विलास आणि सून जयवंती. विलास खाडीपलीकडच्या कारखान्यात पाळीवर जायचा, त्यामुळे तो फारसा दिसत नसे. जयवंती मात्र दिवसभर माझ्या भोवती असे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, दहावी झालेली, भराभर बोलणारी. माझी बोटं सोलवटली होती म्हणून त्या संध्याकाळी तिनं मला जिताड्याचे काटे काढून दिले.

"ताई, मासा खायला शिका आधी. मग समुद्र मोजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर होतो. ती कपडे धूत होती, मी वही घेऊन काठावर बसले होते. घराच्या अंगणात जांभ्या चिऱ्यांची रास लावलेली मी आल्यापासून पाहत होते. त्यावर ताडपत्री होती.

"दसऱ्याला काम सुरू करायचं," ती म्हणाली. "बाबांना इथंच घर हवंय. विलास म्हणतो, तालुक्याला खोली बघू. रोज भांडण. मी म्हटलं, थांबा, मी ताईंना विचारते." तिनं पिळा झटकला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "ताई, तुम्ही सरकारातल्या. बांध उंच होणार ना? म्हणजे मी इथंच घर बांधू ना?"

"सर्वेक्षण चालू आहे," मी म्हणाले.

"ते मी बाबांना सांगते तुमच्याकडून ऐकून. मला खरं सांगा."

माझ्या वहीच्या मागच्या खिशात एक यादी होती. ती मीच टंकली होती. खाडीकाठची अठ्ठेचाळीस गावं आणि तीन रकाने. पहिल्या रकान्यातल्या गावांचे बांध सरकार उंच आणि पक्के करणार होतं. दुसऱ्यातल्या गावांवर लक्ष ठेवायचं होतं. तिसऱ्या रकान्याचं नाव होतं 'माघार'. त्या गावांच्या बांधावर यापुढे एक घमेलं मातीही टाकायची नव्हती; पंचवीस वर्षांच्या आत समुद्र ती जमीन घेणार असं गृहीत धरलं होतं. तिसऱ्या रकान्यात पाच गावं होती आणि त्यात माणखार होतं. त्रेसष्ट घरांसाठी सव्वादोन किलोमीटर बांध पक्का करणं परवडणार नव्हतं. यादी आधी ठरली होती. मी जी मापं घेत होते ती त्या यादीच्या खाली जोडायची होती.

साहेबांशी मी यावर एकदा बोलले होते. ते म्हणाले होते, "समुद्राशी भांडून चालत नाही. कुठे उभं राहायचं आणि कुठून हटायचं, हे आज ठरवलं तर वीस वर्षांनी माणसं जिवंत राहतील. त्यांना दुसरी जमीन देऊ, घरं देऊ. ते पुढच्या टप्प्यात आहे." त्यात चूक काढता येईल असं मला काही दिसलं नव्हतं.

जयवंती वाट पाहत होती. तिच्या हातातून पाणी गळत होतं. मला वाटलं, हिनं दसऱ्याला पाया खणला, आयुष्याची कमाई त्या चिऱ्यांत घातली, आणि मला माहीत असून मी गप्प बसले, तर हिनं भरवलेला घास मला कधी पचायचा नाही.

"घर बांधू नका," मी म्हणाले.

तिनं पुढे काही विचारलं नाही. उरलेले कपडे तिनं न आपटताच खळबळून काढले. "बाबांना नका सांगू," एवढंच म्हणाली.

मी यादीबद्दल बोलले नाही, रकान्याबद्दल बोलले नाही. तीन शब्द बोलले. होडीत बसले तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

पुढचं उधाण नारळी पौर्णिमेचं होतं. मी सकाळीच पोचले. सण होता, घराघरांतून गूळखोबऱ्याचा वास येत होता. कारखान्यात कामाला जाणारेही त्या दिवशी घरी होते; विलास तेवढा पाळीवर गेला होता. मागच्या खेपेला बांधापासून दादांच्या घरापर्यंत जाताना मला चार ओट्यांवर चहा घ्यावा लागला होता. त्या दिवशी माणसं ओट्यांवर होती, पण मला कुणी हाक मारली नाही. बघून हसले, आणि आत गेले. काम कधी सुरू होणार, हेही कुणी विचारलं नाही. मागच्या वेळी हेच विचारून त्यांनी मला भंडावून सोडलं होतं.

दादांच्या अंगणात चिऱ्यांची रास नव्हती. नुसती ताडपत्री घडी करून ठेवलेली होती.

"परत पाठवले," दादा म्हणाले. "सून बोलते, पुढच्या साली बघू. बघू तर बघू." त्यांच्या आवाजात राग नव्हता. गोंधळ होता. "पन या पंधरा दिवसांत कोन चिंबोऱ्यांची बिलं बुजवाला पन नाय आयला, बाय. मी एकट्यानं किती बुजवू? विचारलं तर बोलतात, सन हाय, सन झाल्यावर बघू. चिंबोरी काय सन पालते?"

जयवंतीनं माझ्यापुढे नारळी भाताचं ताट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेले.

"कुणाला बोललीस?"

"विलासला. तो त्याच्या भावाला बोलला. तो..." तिनं पदर तोंडावर धरला. "ताई, दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं. फक्त बाबांना कुणी सांगितलं नाय."

साडेबाराला भरती पूर्ण व्हायची होती. अकरा वाजता मी आणि दादा बाहेरकाठ्यावर होतो. आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता. खाडी एखाद्या परातीतल्या पाण्यासारखी निवांत चढत होती. मी उघाडीजवळ, जिथून ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतात तिथे, मोजपट्टी रोवली. दादा अनवाणी पुढे चालत होते. वीसेक पावलांवर ते थांबले. एक पाय उचलून पुन्हा ठेवला. या वेळी त्यांनी मला बोलावलं नाही. थेट डबाच पुढे घेतला.

"खांड! खांड जातेय! या रं!"

मी गावाकडे पाहिलं. सणाचा दिवस, सगळी माणसं घरी, दारं उघडली. ओट्यांवर माणसं आली. रंगीत साड्या, पांढरे सदरे. तिथून ती सगळी आमच्याकडे बघत उभी राहिली.

कुणी पायरी उतरलं नाही.

दादांनी डबा आणखी जोरात बडवला. मग हात बदलून बडवला. "ऐकू जात नाय काय रं त्यांना?" ते मला म्हणाले. वाऱ्याची दिशा बघावी तसं त्यांनी मान वळवून पाहिलं. वारा नव्हताच.

शेवटी बांधावरून काही जण आले. मी मोजले. नऊ. त्यात जयवंती होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर घमेलं. बाकी म्हातारे आणि दोन विधवा बाया. माती बसायला लागली होती.

मी गावाकडे पळाले. चिखलातून, कुणाच्या भाताच्या रोपांवरून, जशी वाट मिळेल तशी. पहिल्याच घराच्या ओट्यावर मागच्या उधाणाला अर्धी दाढी ठेवून आलेला माणूस बसला होता. त्याचं नाव कमळाकर भोईर. पंधरा दिवसांपूर्वी तो त्या दारात छातीभर पाण्यात उभा होता.

"चला ना," मी म्हणाले. मला धाप लागली होती. "दादा एकटे आहेत. माणसं नाहीत तिकडे."

तो हलला नाही. "म्याडम, तुमीच बोललात ना, हितं घर बांधू नका?"

मी बांधाकडे हात केला.

"ज्या गावात घर बांधायचं नाय, त्याचा बांध कशाला धरायचा? कुनासाठी?"

"यंदाचं भात जाईल तुमचं!"

"यंदाचं जाईल," तो शांतपणे म्हणाला. "पुढचं तुमी नेनारच हाय." त्याच्या बायकोनं दारातून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दार लोटून घेतलं. आवाज न करता लोटलं. तो मात्र तिथेच बसून होता आणि त्याचे डोळे बांधावरून हलत नव्हते. त्याच्या दोन्ही हातांच्या मुठी मांडीवर आवळलेल्या होत्या. तो उठेल असं मला वाटलं. अजूनही कधीकधी वाटतं की मी आणखी मिनिटभर थांबले असते तर तो उठला असता. पण तेवढ्यात मागून जयवंतीची किंकाळी आली.

मी परत पोचले तेव्हा दादा खांडीत उतरलेले होते. एकटे. खाडीकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून. ज्या जागेला आठ माणसं लागत, ती ते दोन हातांनी भरायला बघत होते. पाणी त्यांच्या काखांखालून, मानेच्या बाजूंनी आत येत होतं. "मेख दे! मेख दे गो!" ते ओरडत होते. जयवंती आणि आणखी एक म्हातारा मेख धरून उभे होते, पण ती ठोकायला जागाच उरली नव्हती. दोन्ही कडा सुटत होत्या. मी, जयवंती आणि त्या म्हाताऱ्यानं मिळून दादांना दंडाला धरून वर ओढलं. त्यांनी मला लाथ मारली. दुसऱ्याच क्षणी ते उभे होते तो तुकडा गेला, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. चाळीस फुटांचा बाहेरकाठा आमच्या डोळ्यांदेखत विरघळला.

मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. तसं काही झालं नाही. पाणी चालत आल्यासारखं शेतात शिरलं. भाताची रोपं आधी उभी होती, मग नुसते शेंडे दिसत होते, मग ऊन पडलेलं सपाट पाणी. ते कमळाकरच्या ओट्याच्या पहिल्या पायरीला लागलं तेव्हा भरती पूर्ण झाली होती.

माझं काम होतं म्हणून मी मोजपट्टी वाचली. आकडा वहीत लिहिला. मागच्या अमावस्येला एकाहत्तर माणसांनी जे उधाण थोपवलं होतं, त्याच्यापेक्षा त्या दिवशीचं पाणी चार बोटं कमी होतं.

दादा बांधाच्या शाबूत टोकावर बसले होते. अंगातून पाणी निथळत होतं. त्यांनी गावाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "का नाय आयले?"

जयवंती रडायला लागली. "बाबा, मीच बोलले. ताई मला बोलल्या, घर बांधू नको म्हणून. मी ह्यांना सांगितलं."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. ते शिव्या देतील असं मला वाटत होतं, आणि द्याव्यात असंही वाटत होतं.

"खोटं बोललीस तिला?"

"नाही दादा. खरं होतं ते. यादी आहे. माणखार त्यात सोडून द्यायच्या गावांत आहे."

"कवा सोडनार होते?"

"पंचवीस वर्षांत."

"पंचवीस वरसं." त्यांनी ते शब्द सावकाश उच्चारले, जणू धान्याचं माप हातात तोलत होते. "पंचवीस वरसं म्हंजे पंचवीस पिकं, बाय." मग ते उठले, ओल्या धोतराचा पिळा केला. जाता जाता माझ्याजवळ थांबले. "मला पैलं सांगायचं होतंस. मी कुनाला सांगितलं नसतं."

माणखारची खांड बुजवली गेली नाही. ती बुजवायला जो अर्ज गेला, त्यावर आमच्याच कार्यालयानं शेरा मारला की हे गाव तिसऱ्या रकान्यात असल्यानं खर्च करता येत नाही. जमिनीत मीठ उतरलं. त्या वर्षी वीस घरांना कुलपं लागली, पुढच्या दोन वर्षांत बाकीच्यांना. पुढच्या टप्प्यातलं पुनर्वसन मंजूर झालं तेव्हा माणखारात माणूसच उरला नव्हता, आणि आपणहून उठून गेलेलं गाव नियमात बसत नाही असं ठरलं. मोकल मंडळी तालुक्याला एका खोलीत गेली. हिरूदादा तिथे सात महिने जगले. मी भेटायला गेले नाही. जयवंतीचा निरोप आला होता, तरी गेले नाही.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती अजून सांगितलेली नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला मोठी बैठक झाली. वरचे अधिकारी, तज्ज्ञ, वीस-बावीस माणसं, गार खोली. नाईकनवरे साहेबांनी पडद्यावर माणखारचे फोटो दाखवले. चाळीस फुटांची खांड, तिच्या दोन्ही बाजूंना पाणी. ते म्हणाले, "आमच्या अंदाजानं हा बांध पंचवीस वर्षं टिकायला हवा होता. तो चार महिन्यांपूर्वी गेला. याचा अर्थ आपण धोका कमी धरला आहे. या बांधासारखीच माती, हीच उंची, हीच बांधणी असलेली आणखी अकरा गावं दुसऱ्या रकान्यात आहेत. ती आजच तिसऱ्यात हलवावीत अशी माझी शिफारस आहे."

खोलीत कुजबुज झाली. टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंनी चष्मा काढला. त्या खात्याच्या सर्वांत वरच्या अधिकारी होत्या आणि तासाभरात त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. "पण एवढा लवकर बांध जातो कसा? ही गावं शंभर-दीडशे वर्षं हेच बांध सांभाळतायत ना? त्या दिवशी नेमकं काय झालं? तिथे कुणी होतं आपलं?"

साहेबांनी माझ्याकडे हात केला. "डोईफोडे होत्या. जागेवर होत्या."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्यापुढे वही उघडी होती. त्यात दोन्ही उधाणांच्या पातळ्या होत्या. त्यांच्याखाली, कुठल्याच रकान्यात न बसणारे दोन आकडे पेन्सिलीनं लिहिलेले होते : एकाहत्तर आणि नऊ. नुसती वही फिरवून त्या बाईंसमोर सरकवली असती तरी पुरलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की माणसं का आली नाहीत. आणि त्यांना कुणी सांगितलं.

"उधाण मोठं होतं, मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुन्हा चढवला. अकरा गावं तिसऱ्या रकान्यात गेली.

आता नाईकनवरे साहेबांच्या खुर्चीत मी बसते. त्या अकरांपैकी चार गावांचे बांध गेले. सातांचे अजून उभे आहेत. तिथे प्रत्येक उधाणाला कुणीतरी डबा बडवतं, घरटी एक माणूस धावत येतो, खांड भरून निघते. दर पावसाळ्यात त्यांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात : आमचा बांध कधी उंच करणार? मी त्यावर सही करते आणि खाली लिहिते, सर्वेक्षण चालू आहे.

यादीत आपलं नाव आहे, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.